खोली रात्री बघावी

"लेट-बाथ अटैच है, लाइट का अलग, दो महीने का एडवांस." जिन्याच्या तोंडाशी उभं राहून घरमालकीणबाईंनी एका दमात एवढं सांगितलं आणि किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला. दुपारचे साडेबारा वाजले होते. दुसऱ्या मजल्यावरची दहा बाय दहाची खोली, भिंतींना ताजा पिस्ता रंग, खिडकीतून आलेलं ऊन थेट फरशीवर, कोपऱ्यात लोखंडी पलंग. माझा भाचा वर्ध्याचा. जबलपूरच्या एका कॉलेजात त्याला नुकताच प्रवेश मिळाला होता. दोन दिवस पावसापाण्यात खोल्या बघत फिरून तो इतका दमला होता, की दार उघडल्याबरोबर म्हणाला, "मावशी, हीच घेऊन टाकू." मी म्हटलं, "रात्री परत येऊन बघू, मग ठरवू."

रात्री साडेआठला आम्ही परत गेलो. गल्लीच्या तोंडाशी दोन ट्रक लागले होते. खांबावरचा दिवा एकच, तोही वळणाच्या अलीकडे. वळणापासून घरापर्यंत मोबाइलच्या उजेडात चालत जावं लागलं. शेजारच्या शेडमध्ये यंत्र चालू होतं. त्याची घरघर कानाला येत होतीच, पण भिंतीवर हात ठेवला की तळहातालाही कळत होती. नळ सोडला तर पाणी नाही, मोटर सकाळी एकदाच लागते म्हणे. आणि दुपारी जिच्यातून इतकं छान ऊन आलं होतं, त्या खिडकीला न उघडणारी लोखंडी जाळी होती. खोलीला दुसरी खिडकी नव्हती. आम्ही बाईंचे आभार मानून निघालो. त्यांनी आमच्यापासून काहीही लपवलं नव्हतं. दुपारी विचारायचं आम्हालाच सुचलं नव्हतं.

विद्यार्थी खोली बघतो दुपारी आणि राहतो रात्री. दिवसभर तो कॉलेजात, ग्रंथालयात, क्लासमध्ये असतो. त्याचा खोलीशी खरा संबंध येतो तो संध्याकाळी सात ते सकाळी आठ. त्या तेरा तासांत ती खोली कशी असते, हे न बघता पैसे मोजले की पुढचे अकरा महिने रोज थोडं थोडं सोसावं लागतं.

आम्ही खोल्या बघत होतो त्या बाजूची रिछाई ही जबलपूरची औद्योगिक वसाहत. एका अंगाला अधारताल, दुसऱ्या अंगाला रांझी. अधारतालला जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय, १९६४ सालचं. रांझीच्या बाजूला गोकलपूरला जबलपूर इंजिनिअरिंग कॉलेज, १९४७ सालचं. शहराच्या याच पूर्वेकडच्या पट्ट्यात संरक्षण खात्याचे कारखाने: १९०४ ची गन कॅरेज फॅक्टरी, खमरियाची ऑर्डनन्स फॅक्टरी, व्हेइकल फॅक्टरी, ग्रे आयर्न फाउंड्री. त्यामुळे इथे खोली शोधायला विद्यार्थी एकटा नसतो. अप्रेंटिसची मुलं असतात, रिछाईतल्या शेडमध्ये पाळीने काम करणारे कामगार असतात, बदली होऊन आलेले नोकरदार असतात. सगळे त्याच गल्ल्यांत, त्याच 'किराये से देना है'च्या पाट्या वाचत फिरतात. भाडं शहराच्या मध्यापेक्षा कमी, हे इथलं आकर्षण. त्या बदल्यात धूळ, ट्रक, आवाज आणि अंधार.

विदर्भातल्या माणसाला जबलपूर परमुलूख वाटत नाही. नागपूरहून सिवनी, लखनादौन करत पावणेतीनशे किलोमीटरच्या आत गाव येतं. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत दोन्ही शहरं एकाच प्रांतात होती आणि राजधानी नागपूर होती. या शहराला 'संस्कारधानी' हे नाव दिलं ते विनोबांनी. कचेऱ्या, रेल्वे, कारखाने यांच्या निमित्ताने मराठी कुटुंबं तिकडे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. आता जातात ती मुलं, एकेकटी, पाठीवर सॅक आणि हातात एक गादी घेऊन.

शिकणाऱ्या मुलाने राहायचं कुठे, हा प्रश्न आपल्या लोकांनी शंभर वर्षांपूर्वीच ओळखला होता. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी करायला सुरुवात केली. शाळा काढून भागणार नाही, खेड्यातल्या मुलाला शहरात डोकं टेकायला जागा पाहिजे, हे त्यांना कळलं होतं. पुण्यात १९०९ मध्ये अनाथ विद्यार्थी गृह सुरू झालं. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्याला बोर्डिंग काढलं. पुण्यात अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती उभी केली ती १९५५ ला. ही वसतिगृहं होण्याआधी वार लावून जेवणं आणि कुणाच्या तरी ओसरीवर पथारी टाकणं हेच होतं. आज शिकणाऱ्यांची संख्या त्या काळाच्या कितीतरी पट झाली आणि वसतिगृहं त्या प्रमाणात वाढली नाहीत. उरलेला सगळा भार खासगी खोल्यांवर आला. त्या खोल्यांकडे कुणी शाहू महाराजांच्या नजरेने बघत नाही. ना सरकार, ना कॉलेज, ना बहुतेक आईबाप.

खोली घेताना काय बघायचं, ते सांगायला पाण्यापासून सुरुवात करते. जबलपूरच्या वस्त्यांची नावं नीट ऐकावीत. अधारताल, रानीताल, चेरीताल, हनुमानताल, माढोताल. गोंड राजवटीतल्या तलावांचं हे शहर, बावन्न ताल होते असं तिथले लोक सांगतात. अधारतालचं नाव राणी दुर्गावतीचे दिवाण आधारसिंह यांच्यावरून पडलं. कितीतरी तलाव बुजले, त्यांच्यावर घरं झाली, पण पावसाचं पाणी जुनी वाट विसरत नाही. नावात ताल असलेल्या वस्तीत तळमजल्याची खोली घेताना शेजारच्या किराणा दुकानदाराला एक प्रश्न जरूर विचारावा: गेल्या पावसाळ्यात इथे पाणी कुठपर्यंत आलं होतं? दुकानदार हाताने दाखवतो. त्याचा हात गुडघ्याच्या वर गेला तर ती खोली सोडावी. हाताची खूण मिळाली नाही तर भिंतीचा खालचा दीड-दोन फूट भाग बघावा. तिथला रंग बाकीच्या भिंतीपेक्षा नवा असेल किंवा फुगलेला असेल तर उत्तर मिळालं.

दुसरा प्रश्न, पाणी कुठलं? नर्मदेचं, म्हणजे महापालिकेचं, की बोरिंगचं? नर्मदेचं पाणी ठरावीक वेळेला येतं, बोरिंगचं मोटर लावली की येतं आणि मोटरचं बटण घरमालकाच्या खोलीत असतं. आठ मुलांना मिळून वरची टाकी केवढी आहे, हे गच्चीवर जाऊन डोळ्यांनी बघावं. पाचशे लिटरची टाकी आठ जणांत वाटली तर माणशी साठ-बासष्ट लिटर. सकाळी नऊला उठणाऱ्याच्या वाट्याला बहुधा रिकामा नळ.

आता विजेकडे येते. इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण खोलीतली बाकीची गैरसोय सोसता येते, विजेची चूक सोसता येत नाही. विदर्भात काय आणि जबलपूरकडच्या महाकोशलात काय, उन्हाळा म्हणजे कूलर. लोखंडी पत्र्याचा कूलर, त्यात पाणी, खाली ओली फरशी आणि अनवाणी मुलगा. कूलरचा शॉक लागून मृत्यू ही बातमी आमच्याकडच्या वर्तमानपत्रांत दर उन्हाळ्यात येते. हिवाळ्यात पाणी तापवायला बादलीत टाकायचा रॉड येतो. म्हणजे बारा महिन्यांतले निदान सहा-सात महिने या खोल्यांत पाणी आणि वीज शेजारी शेजारी राहतात.

आम्ही बघितलेलं पाचवं घर रिछाईच्या अलीकडे, रांझीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या बाजूला होतं. घरमालक फॅक्टरीतून निवृत्त झालेले, हयातभर विजेचंच काम केलेले गृहस्थ. भाच्याच्या खिशात मी दिलेला टेस्टर होता. तो चाचरतच म्हणाला, "अंकल, बोर्ड चेक कर लूं?" मला वाटलं, ते रागावतील. ते हसले आणि त्यालाच घेऊन मीटरपाशी गेले. पेटीचं झाकण उघडलं. आत एमसीबीची रांग होती आणि तिच्या शेजारी एक रुंद स्विच, त्यावर इंग्रजी 'टी' कोरलेलं छोटं बटण. त्यांनी भाच्याला ते दाबायला लावलं. खट्‌ असा आवाज झाला, पंखा मंदावला, वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "लाइट गई क्या?" अंकल म्हणाले, "देखा? जिंदा है." मग स्विच वर करून ते आम्हाला मागच्या अंगणात घेऊन गेले. तिथे तुळशीपाशी जमिनीतून एक लोखंडी पाइप वर आला होता. हा अर्थिंगचा खड्डा, खाली मीठ आणि कोळसा भरलेला. उन्हाळ्यात जमीन सुकली की त्यात दर आठवड्याला दोन बादल्या पाणी ते स्वतः ओततात.

त्या बटणाचा अर्थ विद्यार्थ्याला आणि त्याच्या आईबापांना कळला पाहिजे म्हणून लिहिते. साधी एमसीबी वायरीला वाचवते. भार जास्त झाला, शॉर्ट झालं, की पडते. माणसाच्या अंगातून करंट जायला लागला तर ती पडेलच असं नाही, कारण माणूस मरायला लागणारा करंट तिच्या दृष्टीने अगदी किरकोळ असतो. माणसाला वाचवतो तो आरसीसीबी, ज्याला आपल्याकडे बरेच जण अजून ईएलसीबी म्हणतात. घरात गेलेला आणि घरातून परत आलेला करंट यांत तीस मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे कुठेतरी गळती झाली, की क्षणाच्या अंशात तो पुरवठा तोडतो. त्याचं ते टेस्टचं बटण दाबून बघायला पाच सेकंद लागतात. दाबल्यावर काहीच झालं नाही तर तो स्विच नुसता शोभेचा आहे. आणि पेटीत तसा स्विचच नसेल, तर कूलर आणि रॉड त्या घरात वापरायचा नाही, असं मुलाला बजावून सांगावं. आम्ही त्याआधी बघितलेल्या चार घरांपैकी एकातही तो नव्हता. चारही घरांना नवा रंग मात्र होता.

गॅस गीझरचं असंच आहे. अंघोळीच्या बंद खोलीत गॅस जळतो तेव्हा तिथला प्राणवायू संपत जातो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला आधी गुंगी येते आणि दाराची कडी काढण्याइतकीही शक्ती राहत नाही. जबलपूरची थंडी चांगलीच बोचरी. मुलं झरोक्याला पुठ्ठा लावतात आणि तिथेच घात होतो. गीझर बाथरूमच्या बाहेर लावलेला असावा, झरोका उघडा असावा. याच कारणाने बंद खोलीत शेगडी पेटवून झोपायचं नाही.

घरातून बाहेर पडायची वाट किती जण बघतात? १५ जून २०२३ ला दिल्लीच्या मुखर्जीनगरात क्लासच्या इमारतीला आग लागली, तेव्हा मुलं खिडक्यांतून दोर आणि केबल धरून उतरली. ते दृश्य सगळ्या देशाने बघितलं. पुढच्याच वर्षी, २७ जुलै २०२४ ला, दिल्लीतच जुन्या राजेंद्रनगरमध्ये तळघरातल्या वाचनालयात पावसाचं पाणी घुसलं आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे तिघं बुडून गेले. जबलपूरला १ ऑगस्ट २०२२ ला एका खासगी रुग्णालयाच्या आगीत आठ माणसं मेली. म्हणून सांगते, जिना एकच असेल, त्याच्याखाली दुचाकी उभ्या असतील, त्यांतल्या एक-दोन चार्जिंगला लावलेल्या असतील आणि गच्चीचं दार रात्री कुलूपबंद असेल, तर ते घर कितीही स्वस्त असलं तरी महाग आहे. गच्चीची किल्ली रात्री कुठे असते, हे विचारावं. खिडकीच्या जाळीला आतून उघडणारा एक भाग आहे का, ते हात लावून बघावं. पिस्ता रंगाची ती खोली इथेच नापास झाली होती.

भिंतींबद्दल थोडक्यात. २२ मे १९९७ ला पहाटे साडेचारच्या आत जबलपूरला भूकंप झाला, सहाच्या आसपास तीव्रतेचा. चाळीसच्या आसपास माणसं गेली, हजारो घरांना तडे गेले. हे शहर सोन-नर्मदेच्या भ्रंशपट्ट्यात आहे. त्यानंतर याच घरांवर मजले चढले. विद्यार्थ्यांच्या खोल्या बहुतेक वेळा सगळ्यांत वरच्या, मागून चढवलेल्या, चार इंची भिंतींच्या, कधी वर नुसता पत्रा. खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी वर गेलेली भेग दिसली तर तिथे राहू नये. पत्र्याची खोली मे महिन्यात परीक्षेच्या दिवसांत कशी तापते, ते अनुभवलेल्यालाच माहीत.

कागदाकडे वळण्याआधी माझी गोष्ट सांगते. तीस वर्षांपूर्वी मी पुण्यात कॉट बेसिसवर राहत होते. एका खोलीत चार कॉट, माणशी एक कपाटाचा कप्पा. दोन वर्षं एकही भाडं चुकवलं नाही. सोडताना अनामत मागितली, तर भिंतीला रंग द्यावा लागेल म्हणून सगळी कापून घेतली गेली. माझ्याकडे पावती नव्हती, करार नव्हता, पहिल्या दिवशी ती भिंत कशी होती याचा कसलाच पुरावा नव्हता. वडिलांनी ती रक्कम कापूस विकून दिली होती. मी त्यांना खरं कारण कधीच सांगितलं नाही. म्हणून भाच्याला मी पहिल्याच दिवशी रिकाम्या खोलीचं चित्रण करायला लावलं. भिंतींचे डाग, फुटकी फरशी, पंख्याचा आवाज, नळाची गळती, सगळं मोबाइलवर घेऊन त्याच दिवशी घरमालकांना व्हॉट्सॲपवर पाठवायचं, नमस्कार लिहून. तारीख आपोआप पडते. भांडण पुढे उद्भवतच नाही.

आता किरायानामा. अकरा महिन्यांचाच करार का, हे अनेकांना माहीत नसतं. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं आहे. ते टाळायला अकरा महिने. मध्य प्रदेशात हेच चालतं. महाराष्ट्रात मात्र हा पळवाटेचा मार्ग नाही, आणि पुण्या-नागपुरात राहणाऱ्या मुलांनी हे पक्कं लक्षात ठेवावं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्सचा करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. केली नाही तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय नोंदणी नसताना वाद झाला तर अटी कोणत्या ठरल्या होत्या याबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. 'नोटरी करून देतो' म्हणजे नोंदणी नव्हे. नोंदणी आता घरबसल्या ऑनलाइन होते.

मध्य प्रदेशात १९६१ चा स्थान नियंत्रण कायदा आहे. भाडेकरूला कोणत्या कारणांसाठी काढता येतं, ते त्याच्या कलम १२ मध्ये दिलं आहे. 'कल खाली करो' हे त्यातलं कारण नाही. केंद्राने जून २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायदा मंजूर करून राज्यांकडे पाठवला. त्यात राहत्या घरासाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नसावी, घरमालकाने खोलीत यायचं तर चोवीस तास आधी कळवावं, भांडणात वीज-पाणी तोडू नये, असं म्हटलं आहे. तो नमुना आहे, राज्य स्वीकारेल तिथेच लागू. पण करार लिहिताना या तीन गोष्टी मागायला कुणाची हरकत असायचं कारण नाही. आम्ही मागितल्या आणि फॅक्टरीवाल्या अंकलनी लिहूनही दिल्या. त्यांची एक अट होती: रात्री अकरानंतर फाटक उघडायचं असेल तर आधी फोन करायचा. तीही लिहिली.

करारात विजेचा दर लिहून घ्यावा. 'लाइट का अलग' या तीन शब्दांत दर महिन्याचे काहीशे रुपये दडलेले असतात. आम्ही विचारलं तिथे सबमीटरवर आठ ते दहा रुपये युनिट सांगितलं गेलं. दहाच्या दराने साठ युनिट जाळले तर सहाशे रुपये. मध्य प्रदेशात सरकारी सवलतीच्या योजनेत महिन्याला दीडशे युनिटच्या आत वापर असलेल्या घराला पहिल्या शंभर युनिटचे शंभर रुपये पडतात. मुलांना हे कळलं की घरमालक लुटतोय असं वाटतं. पण त्याचीही बाजू आहे. पाच भाडेकरूंचा वापर मिळून घर दीडशेच्या वर गेलं, की त्याची स्वतःची सवलतही जाते. बिल बघायला मागावं, दोघांनी मिळून दर ठरवावा. बिल दाखवायला जो तयार नसतो, तो पुढे अनामतही सहज देत नाही, हे मी पुष्कळ ठिकाणी पाहिलं आहे.

पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देणं हे मुलाला अपमानाचं वाटू नये. जिल्हा प्रशासन तसे आदेश काढतं आणि ते मोडणाऱ्या घरमालकावर गुन्हा दाखल होतो. आपली नोंद असणं आपल्याच फायद्याचं. फक्त आधारची प्रत देताना मास्क केलेली द्यावी, जिच्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात, आणि प्रतीवर 'फक्त भाडेकरारासाठी' असं लिहून तारीख घालावी. न बघितलेल्या खोलीसाठी टोकन पाठवू नये. 'मी फौजी आहे, बदली झाली, क्यूआर स्कॅन करा, पैसे परत येतील' असं सांगणारे ठग सगळ्या देशात आहेत आणि जबलपूरसारख्या छावणीच्या गावात ते चटकन खरे वाटतात. पैसे मिळवायला कधीच यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही.

एक प्रश्न घरमालक विचारतात आणि विद्यार्थ्याला तो आतपर्यंत लागतो. "पूरा नाम क्या है?" नाव सांगितलेलं असतं, हवं असतं आडनाव. बडोद्याला १९१७ मध्ये कोलंबिया आणि लंडनहून शिकून आलेल्या डॉ. आंबेडकरांना शहरात राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत पारशी नावाने राहावं लागलं आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढलं. त्यांनी त्या दिवशी कामाठी बागेत बसून काढलेले तास त्यांनीच लिहून ठेवले आहेत. शंभर वर्षांनंतरही आपल्या शहरांत आडनाव ऐकून खोली अचानक 'कालच गेलेली' असते. पुण्यात असते, नागपुरात असते, जबलपुरातही असते. कधी जात आड येते, कधी धर्म, कधी 'बाहर के लड़के नहीं'. हे सोसणाऱ्या मुलाला मी काय बघायला सांगणार? एवढंच सांगते, की अशा वेळी दोष त्याचा नाही, आणि तिथे राहायला मिळालं नाही तर त्याचं काही गेलं नाही. सोबतच्या मित्राला मात्र सांगते, की आपल्याला मिळालेली खोली मित्राला नाकारली गेली असेल, तर आपणही घेऊ नये.

मुलींसाठी खोली बघणाऱ्या आईबापांचा सगळा भर फाटक किती वाजता बंद होतं यावर असतो. मी त्याआधी आतली कडी बघते. खोलीच्या दाराला आतून मजबूत कडी आहे का, कुलपाची दुसरी किल्ली कुणाकडे असते, बाथरूमचा झरोका कुठल्या बाजूला उघडतो, रात्री घरात दुसरं कोण असतं. जून २०२३ मध्ये मुंबईत चर्नी रोडच्या सरकारी वसतिगृहात एका विद्यार्थिनीची हत्या झाली आणि संशय तिथल्याच कर्मचाऱ्यावर होता. पहारा असणं म्हणजे सुरक्षित असणं, असं धरून चालता येत नाही. आधी तिथे राहून गेलेल्या मुलीशी दहा मिनिटं एकटीने बोलावं. तिचा नंबर द्यायला घरमालक टाळाटाळ करत असेल तर पुढची खोली बघावी.

रिछाईसारख्या भागात येण्याजाण्याचाही हिशेब करावा. जबलपुरात शहर बसला 'मेट्रो बस' म्हणतात. ती मुख्य रस्त्याने जाते, आतल्या शेडांच्या गल्लीत येत नाही. शेअर ऑटो रात्री कुठपर्यंत आणि किती वाजेपर्यंत मिळतो, हे एका संध्याकाळी स्वतः बसून बघावं. महिन्याला पाचशे रुपये वाचवणारी खोली ऑटोत सातशे घालवते. डबा देणारी बाई त्या गल्लीत येते का, आजारी पडलं तर चालत जाण्याच्या अंतरावर दवाखाना आहे का, हे त्याच फेरीत कळतं.

आम्ही पाचवी खोली घेतली, रात्री परत एकदा बघून. भाडं त्या पिस्ता रंगाच्या खोलीपेक्षा तीनशेने जास्त. रंग जुना, पलंगाचा एक पाय विटेवर. भाचा तिथे सुखात आहे. थंडीत रॉड लावण्याआधी तो अजून ते बटण दाबून बघतो आणि वरचा मुलगा अजून ओरडतो.

हा लेख वाचणाऱ्यांत भाडेकरूंपेक्षा घरमालक जास्त असतील, याची मला कल्पना आहे. तुमच्या वरच्या मजल्यावर, मागच्या खोलीत कुणाचा तरी मुलगा राहतो. आरसीसीबीला दोन-अडीच हजार रुपये लागतात, एका महिन्याच्या भाड्याहूनही कमी. दिवाळीला मुलं गावी जातात, खोल्या बंद असतात. ती परत यायच्या आत इलेक्ट्रिशियनला बोलावून घ्या.